ओब्राकच्या पठारावरची एक मजल

माणूस एका दिवसात पायी किती चालतो, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या पायांपाशी नसते. अंगाने धट्टाकट्टा, पाठीवरचे ओझे बेताचे आणि हवा निवळलेली, असे सारे अनुकूल असूनही एखादा पांथस्थ दुपारच्या दोनालाच पंधराव्या-सोळाव्या किलोमीटरवर बूट काढून बसलेला दिसतो. आणि टाचेला फोड आलेला, गुडघा धरून चालणारा दुसरा एखादा सायंकाळपर्यंत पंचविसावा किलोमीटर ओढीत असतो. कारण थांबण्याची जागा या दोघांपैकी कोणीच आपल्या मर्जीने ठरविलेली नसून, जिथे छप्पर, चूल आणि अंथरूण यांची तजवीज आहे तिथेच दोघांनाही थांबणे भाग असते. आपल्या भाषेतील ‘मजल’ हा शब्द हीच गोष्ट मुकाट्याने सांगतो. अरबीतील ‘मंझिल’ म्हणजे वाहनावरून खाली उतरण्याची जागा. फारसीच्या वाटेने तो शब्द आपल्याकडे आला, आणि उतरण्याच्या जागेवरून त्याचा अर्थ सरकत सरकत दोन मुक्कामांमधील चालीवर येऊन ठेपला, तो इतका की ‘मजल दरमजल’ म्हणताना आपल्याला मुक्काम आठवत नाही, चालच आठवते. (त्याच शब्दाने पुढे घरांच्या माड्याही बळकावल्या, तो भाग निराळा.) फ्रेंचांच्या ‘एताप’ या शब्दाची हकीकत याहून मौजेची आहे. डच मुलखातील ‘स्तापेल’ म्हणजे मालाची वखार. तिच्यावरून कूच करणाऱ्या फौजेसाठी वाटेवर साठविलेली रसद. रसदीवरून ती जिथे वाटली जाई ते ठाणे. आणि ठाण्यावरून एका ठाण्यापासून दुसऱ्या ठाण्यापर्यंतची एका दिवसाची चाल. म्हणजे दोन परस्परांशी अपरिचित भाषांनी दिवसाच्या चालीला नाव दिले ते चालण्यावरून नव्हे, तर थांबण्यावरून.

ही गोष्ट शब्दकोशातून उचलून प्रत्यक्ष जमिनीवर पाहावयाची असेल तर दक्षिण-मध्य फ्रान्समधील नास्बिनाल ते सँ-शेली-दोब्राक ही सतरा किलोमीटरांची मजल पाहावी. ल प्युई-आं-व्हले या शहरातून निघून पिरेनीज पर्वत ओलांडणारी आणि स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातील सांतियागो द कोम्पोस्तेला येथे संत याकोबाच्या समाधीपाशी संपणारी जी पंधराशे किलोमीटरांहून लांब यात्रामार्गिका आहे, तिच्यावर ही मजल बहुतेकांना सहाव्या दिवशी लागते. ल प्युईचा बिशप गोदेस्काल्क हा या मार्गाचा आद्य प्रवासी मानला जातो. इ. स. ९५० च्या सुमारास तो मोठ्या लवाजम्यासह स्पेनला गेला, आणि वाटेत आल्बेल्दा येथील मठात एका भिक्षूने त्याच्यासाठी एका ग्रंथाची नक्कल करून दिली, तिच्या प्रस्तावनेत या यात्रेची नोंद राहिली, म्हणून ती आपल्याला ठाऊक. पुढे बाराव्या शतकाच्या मध्यास यात्रेकरूंसाठी लॅटिनमध्ये एक मार्गदर्शिका तयार झाली. फ्रान्समधून जाणारे चार रस्ते सांगून झाल्यावर तिचा कर्ता पिरेनीजच्या घाटापासून सांतियागोपर्यंतची वाट अवघ्या तेरा मजलांत बसवितो. त्यांपैकी काही घोड्यावरून करावयाच्या आहेत असे तो प्रांजळपणे लिहितो खरा, परंतु पायी चालणाऱ्याने तो हिशेब वाचला तर त्याला घाम फुटावा.

आज तांबड्या-पांढऱ्या खुणांच्या मागोमाग चालणाऱ्या पांथस्थाला आपण मध्ययुगीन यात्रेकरूंच्या नेमक्या पावलांवर पाऊल ठेवीत आहोत असे वाटत असेल, तर तो समज थोडासा दुरुस्त करणे अवश्य आहे. त्या काळी मार्ग म्हणजे रेघ नव्हती; पूल, मठ आणि बाजाराची गावे या ठरावीक जागा होत्या आणि त्यांच्यामध्ये ऋतूप्रमाणे, चिखलाप्रमाणे, दरोडेखोरांच्या वार्तेप्रमाणे बदलणाऱ्या अनेक वाटा होत्या. आजची जी रेघ नकाशावर ‘जे-एर ६५’ या नावाने दिसते ती १९७० च्या दशकाच्या आरंभी पदभ्रमणाची हौस असणाऱ्या स्वयंसेवकांनी, जुन्या वाटांचा माग काढीत आणि डांबरी सडक शक्य तितकी टाळीत आखली. लांब पल्ल्याच्या पायवाटांची ही फ्रेंच योजना मुळात महायुद्धोत्तर काळातली. १९४७ साली लुआर नदीच्या काठी ऑर्लेआं आणि बोजांसी यांच्या दरम्यान पहिल्या तुकडीवर खुणा रंगविल्या गेल्या, आणि झां ल्वाझो हा त्या कल्पनेचा जनक मानला जातो. आज अशा रंगविलेल्या वाटांची एकूण लांबी लाख किलोमीटरांच्या पलीकडे गेली आहे, आणि डबा व ब्रश घेऊन त्या खुणा उजळीत फिरणारे लोक बहुतांशी बिनपगारी आहेत.

ती खूण स्वतः पाहण्यासारखी आहे. चार बोटे रुंदीची जागा. तिच्यात वर पांढरी पट्टी, खाली तांबडी, मध्ये बोटाएवढी फट. झाडाच्या खोडावर, दगडी गडग्याच्या कोपऱ्यावर, कुंपणाच्या खांबावर, कधी रस्त्याच्या कठड्यावर ती दिसते. पट्ट्यांखाली बाण वळलेला असला की वाट वळली. आणि पांढऱ्या व तांबड्या रेघेची फुली दिसली की आपण चुकलो. या फुलीचे आम्हांला विशेष कौतुक वाटते. बरोबर वाटेवरच्या माणसाला पाटी दाखविणे सोपे आहे, परंतु चुकणारा मनुष्य नेमका कुठे चुकेल याचा आधी विचार करून त्या चुकीच्या वाटेवर पंचवीस पावले पुढे जाऊन त्याची वाट पाहत थांबणारी ही खूण ज्याने प्रथम योजिली, तो स्वतः पुष्कळदा वाट चुकलेला असला पाहिजे.

नास्बिनाल हे मजलेच्या आरंभीचे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे ऐंशी मीटर उंचीवर, लोझेर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला आहे. गावच्या मध्यावर काळ्यातपकिरी दगडाचे रोमानेस्क शैलीचे चर्च असून त्याचा घंटाघुमट अष्टकोनी आहे, आणि दाराशी एका स्तंभशीर्षावर धनुर्धारी नरतुरंग भालाईताशी झुंजताना कोरला आहे. परंतु दूरच्या वाटेने आलेल्या, पाय दुखावलेल्या पांथस्थाचे लक्ष वेधून घेतो तो चर्चपेक्षा एक साधा पुतळा. एकोणिसाव्या शतकात या गावी प्येर ब्रियूद नावाचा एक रस्तेदुरुस्तीचा कामगार राहत असे. लोक त्याला लाडाने ‘प्येरूने’ म्हणत. त्याचा हात असा होता की निखळलेला सांधा, मुरगळलेला घोटा, चढलेली शीर तो चाचपून जागच्या जागी बसवी. आणि या हाडवैद्याची कीर्ती इतकी पसरली की दूरदूरचे लंगडे-पांगळे या आडगावी लोटू लागले. गावाने त्याचा पुतळा उभारला आणि त्याच्या पायाशी, बऱ्या झालेल्या रुग्णांनी टाकून दिलेल्या कुबड्या दाखविल्या. सडकेची खडी फोडणाऱ्या माणसाने वाटसरूंची हाडे बसवावीत, यात काहीतरी औचित्य आहे.

गावाबाहेर पडल्यावर थोड्याच वेळात झाडे विरळ होतात, आणि दोन दगडी गडग्यांमधून जाणारी रुंद, गवताळ वाट सुरू होते. अशा वाटेला तिकडच्या ऑक्सितान बोलीत ‘द्राय’ म्हणतात. दक्षिणेच्या सखल मुलखातून उन्हाळ्यात गुरे-मेंढरे पठारावर चढविण्याच्या या वाटा आहेत, आणि यात्रेकरूंच्याही आधी त्या मळलेल्या असाव्यात. पुढे गडगेही सरतात आणि वाट सरळ कुरणांमधून जाते. इथे मराठी वाचकाला साहजिकच प्रश्न पडेल की ही कुरणे कोणाच्या मालकीची, आणि परक्या माणसाला त्यांतून चालण्याची वहिवाट मिळाली कशी. नेपोलियनच्या अमदानीत, १८०७ च्या कायद्यान्वये, फ्रान्समधील तसू न् तसू जमिनीची मोजणी सुरू होऊन गावोगावची दप्तरे तयार झाली, आणि त्या नकाशांत ज्या गावठी वाटा उतरल्या त्यांपैकी पुष्कळ आजही गावाच्या मिळकतीत, परंतु सर्वांच्या वापरासाठी खुल्या आहेत. जिथे अशी वाट नाही तिथे मालकाची संमती लागते. १९८३ च्या एका कायद्याने प्रत्येक जिल्ह्याने पायवाटांची नोंद ठेवावी असे ठरविले, आणि खाजगी जमिनीतून जाणाऱ्या तुकड्यांसाठी मालकाशी लेखी करार करण्याची सोय केली. म्हणजे ज्याला पांथस्थ निसर्गाची मोकळीक समजतो ती पुष्कळ अंशी कागदोपत्री झालेली आहे, आणि एखाद्या मालकाने नाही म्हटले की ती रेघ मुकाट्याने त्याच्या शेताला वळसा घालून जाते.

मालकाची एकच अपेक्षा असते: फाटक जसे सापडले तसे मागे लावावे. कुठे लाकडी आडणा, कुठे माणूस तिरका होऊन निसटेल पण गाय अडकेल अशी दगडांची चिंचोळी फट, आणि पुष्कळ ठिकाणी नुसती विजेची तार, जिच्या टोकाला प्लॅस्टिकची मूठ आणि स्प्रिंगचा आकडा असतो. मूठ धरून आकडा सोडवावा, पलीकडे जावे, पुन्हा अडकवावा. पाठीवरची पिशवी तारेला लागली तर बसणारा झटका घातक नसतो, पण त्या दिवसाच्या वर्णनात तो पहिल्या परिच्छेदात येतो.

आता वाट चढते आहे, परंतु चढ जाणवत नाही, इतके पठार विस्तीर्ण आहे. ओब्राक हे लोझेर, कांताल आणि अव्हेरों या तीन जिल्ह्यांच्या सांध्यावरचे, हजार ते चौदाशे मीटर उंचीचे ज्वालामुखीजन्य पठार. साठ ते नव्वद लाख वर्षांपूर्वी जुन्या ग्रॅनाइटवर लाव्हाचे थर पसरले, आणि नंतरच्या हिमयुगात त्यांच्यावर बर्फाची टोपी बसली; तिने माथे घासून गोल केले, खळग्यांत तळी ठेविली आणि मोठमोठे धोंडे वाटेल तिथे टाकून दिले. हा काळा पाषाण सह्याद्रीच्या माणसाला अनोळखी नाही. आपला बेसॉल्ट वयाने कितीतरी वडील, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा; परंतु तुटताना तीच धार, भिजल्यावर तोच निळसर काळेपणा. फरक इतकाच की आपल्याकडे त्याचे कडे झाले आणि तिकडे, बर्फाने रगडल्यामुळे, निव्वळ लाटा झाल्या. डोळा पोहोचेल तिथवर गवत, गडगे आणि धोंडे, आणि एखाद्या माथ्यावर एकटी पडलेली छपराची रेघ. मुळात येथे बीचची दाट अरण्ये होती. ती तोडून कुरणे करण्यात ज्या मठाचा मोठा वाटा, त्याच्याकडे आपण येणारच आहोत. मेअखेर या कुरणांत पांढरा नार्सिसस इतका फुलतो की ग्रास येथील अत्तरवाल्यांसाठी त्याची फुले फणीसारख्या हत्याराने खुडून नेतात. पिवळ्या जेन्शनची मुळे कडू मद्यांत जातात, आणि पुदिन्याच्या वासाची एक रानवनस्पती ‘ओब्राकचा चहा’ म्हणून जेवणानंतर उकळून देतात.

या कुरणांची खरी मालकीण मात्र गाय आहे. ओब्राक जातीची गाय गव्हाळ रंगाची, आखूड पायांची, वळणदार शिंगांच्या टोकांशी काळी, आणि डोळ्यांभोवती काळी कड असलेली. काजळ घातल्यासारखी दिसते असे फ्रेंच लोकही म्हणतात. जुन्या शिरस्त्याप्रमाणे २५ मे रोजी, संत उर्बेनच्या दिवशी, खोऱ्यांतील गुरे घंटा, झेंडे आणि फुलांनी सजवून पठारावर चढवीत, आणि १३ ऑक्टोबरला, संत जेरोच्या दिवशी, खाली उतरवीत. मधले एकशे बेचाळीस दिवस कळपाबरोबर चार-पाच पुरुष माळावरच्या दगडी झोपड्यांत राहत. या झोपड्यांना ‘बुरों’ म्हणतात. भिंती काळ्या दगडाच्या, छप्पर जाड दगडी फरश्यांचे, अर्धी इमारत उतारात रुतलेली, जेणेकरून चीज मुरविण्याची कोठी थंड राहावी. वर गवताच्या माळ्यात निजायचे. विसाव्या शतकाच्या आरंभी अशी सुमारे तीनशे बुरों पठारावर चालू होती. त्यांची कामाची उतरंड ठरलेली असे. सर्वांवर ‘कांतालेस’, म्हणजे चीज करणारा कारभारी. त्याच्या हाताखाली गुराखी. मग वासरांकडे पाहणारा ‘बेदलिये’. आणि सर्वांत खाली बारा-तेरा वर्षांचा पोर, ज्याच्या वाट्याला पाणी, लाकूड आणि सगळ्यांची बोलणी.

यांतील बेदलियेचे काम जवळून पाहावे. ही गाय वासराशिवाय दूध देत नाही. पहाटे अंधारात कांतालेस एका गायीचे नाव घेऊन हाक मारी. बेदलिये कोंडवाड्यातून नेमके तिचेच वासरू सोडी. ते धावत येऊन ढुशा देऊ लागले की गाय पान्हवे. आणि चार घोट होतात न होतात तोच वासराला ओढून आईच्या पुढच्या पायाला बांधीत, म्हणजे ती त्याला चाटत राही आणि इकडे धार सुरू होई. शेवटचे दूध पुन्हा वासराचे. फ्रेंच वाचकाला हे समजावून सांगताना लेखकांना अर्धे पान खर्ची घालावे लागते. आपल्याकडे ‘पान्हा’ या एका शब्दात ते सारे आहे. पन्नास-साठ गायी, दिवसातून दोनदा, एकही रविवार न चुकवता. मग दूध थिजवायचे, दही कापायचे, दाबायचे, ते फाडून पुन्हा दाबायचे, मीठ घालून साच्यात भरायचे. कामगार मिळेनासे झाले, खाली सडका झाल्या, आणि १९६० साली लायोल येथे दूधउत्पादकांची सहकारी संस्था निघून चीजचे काम डेअरीत गेले. तेव्हा बुरों एकेक करून विझत गेली. ‘लायोल’ चीज टिकले, परंतु त्याचे दूध आता बहुतांशी दुसऱ्या, अधिक दुधाळ जातीच्या गायींचे असते, आणि काजळवाली गाय मांसासाठी पाळली जाते. उरलेली बुरों पाहावीत तर काही ढासळली आहेत आणि काहींत पांथस्थांना जेवण मिळते.

याच टापूत एका ओढ्यापलीकडे, नजरेत भरेल अशी काहीही खूण नसताना, वाट लोझेरची हद्द सोडून अव्हेरोंमध्ये शिरते. एके काळी हीच जेव्होदां आणि रुएर्ग या दोन प्रांतांची सरहद्द होती. वाट आता तेराशे मीटरांच्या वर गेलेली असते. हवा चांगली असली तर यासारखी सुखाची चाल नाही. परंतु या पठारावर धुके उतरते तेव्हा ते एका जागी बसून राहते, गडगा नाही, झाड नाही, पुढची खूण कुठे ते कळत नाही, आणि हिवाळ्यात वाऱ्याने उडणारे हिम जमिनीचे आणि आकाशाचे अंतरच पुसून टाकते. नास्बिनाल सोडल्यापासून नऊ किलोमीटर झालेले असतात, आणि पुढची वस्ती खोऱ्यात, जवळजवळ तितकीच लांब. मध्ययुगातला यात्रेकरू अंगावर ओली घोंगडी घेऊन इथवर आला की त्याचे पुढे काय व्हावयाचे, हा प्रश्न होता.

आख्यायिका अशी आहे की फ्लँडर्सचा एक सरदार, नाव आदलार, सांतियागोला जात असता याच माळावर दरोडेखोरांच्या तावडीत सापडला, आणि जीव वाचला तर येथे यात्रेकरूंसाठी आश्रयस्थान बांधीन असा त्याने नवस केला. परतीच्या वाटेवर पुन्हा येथेच त्याला हिमवादळाने गाठले. आणि कोणी म्हणतात की एका गुहेत त्याला मारलेल्या यात्रेकरूंची मुंडकी सापडली. यांतले खरे किती आणि पुढच्या पिढ्यांनी रंगविलेले किती, याची छाननी ज्याने त्याने करावी. इमारत मात्र खरी आहे. इ. स. ११२० च्या सुमारास येथे जो धर्मार्थ मठ उभा राहिला त्याला ‘दोमरी’ म्हणत, कारण त्याच्या प्रमुखाला ‘दोम’ अशी पदवी होती. संत ऑगस्टिनच्या नियमाने राहणारे भिक्षू, रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रिया, आणि वाटेवर पहारा ठेवून यात्रेकरूंना सोबत करणारे शस्त्रधारी, असा त्याचा संसार होता. दाराशी येईल त्याला भाकरी, आजाऱ्याला खाट, मेलेल्याला मूठमाती. दानाने जमिनी वाढत गेल्या, रान तुटले, कुरणे झाली, आणि पठाराचा बराचसा कारभार या एका संस्थेच्या हाती आला. फ्रेंच राज्यक्रांतीत ती बुडाली आणि इमारतींचे दगड आसपासच्या घरांत गेले.

दोमरीची घंटा प्रसिद्ध होती. तिला ‘हरवलेल्यांची घंटा’ म्हणत. धुके किंवा हिमवादळ असले की रात्रीही ती वाजत राही, आणि माळावर भटकलेला मनुष्य त्या नादाच्या रोखाने चालत येई. डोळ्यांना काही दिसत नाही तिथे कानांनी रस्ता दाखविण्याची ही युक्ती, आम्हांला वाटते, त्या तांबड्या-पांढऱ्या फुलीची पूर्वज समजण्यास हरकत नाही.

आज ओब्राक हे गाव म्हणजे मोजकीच घरे. ‘दीनांची माता’ या नावाचे बाराव्या-तेराव्या शतकातील चर्च उभे आहे. आत शिरले की सजावट जवळजवळ नाहीच, फक्त जाडजूड भिंती आणि गारवा. शेजारी शतवार्षिक युद्धाच्या धामधुमीत चौदाव्या शतकात बांधलेला चौकोनी बुरूज आहे. इंग्रजांपासून बचाव करण्यासाठी बांधलेला असून त्याला नाव ‘इंग्रजांचा बुरूज’ पडले, हा इतिहासाचा थोडासा अन्यायच. आणि त्याच बुरुजात आता पांथस्थांसाठी खाटा मांडलेल्या आहेत. म्हणजे आठशे-नऊशे वर्षांनंतरही या माळावर मुक्कामाला जागा आहे ती त्याच आवारात.

मठाच्या दाराशी मिळणाऱ्या भाकरीने एक वंशजही ठेवला आहे. भिक्षू भाकरी आणि ताजे दाबलेले दही एकत्र शिजवून देत, आणि भुकेला यात्रेकरू लॅटिनमध्ये ‘आलिक्विद’, म्हणजे ‘काहीतरी’, मागे, त्यावरून पदार्थाला ‘अलिगो’ नाव पडले, अशी तिकडची व्युत्पत्ती आहे. भाषाशास्त्रज्ञांनी नाके मुरडली तरी स्वयंपाकघरांत ती मान्य आहे. पुढे दक्षिण अमेरिकेतून युरोपात आलेला बटाटा या थंड मुलखात रुजला आणि त्याने भाकरीची जागा घेतली. (आपल्याकडे तोच बटाटा पोर्तुगीज गलबतांतून, नावासकट उतरला.) आज किलोभर बटाटे उकडून, गाळून, लोणी, साय आणि लसूण घालून, त्यांत सुमारे चारशे ग्रॅम ‘तोम’, म्हणजे मीठ न घातलेले आणि न मुरलेले चीज, मंद आचेवर लाकडी उलथन्याने घोटतात. एकाच दिशेने, सावकाश, हात भरून येईपर्यंत. मग एका क्षणी तो गोळा बटाट्याचा राहत नाही. उलथने वर उचलले की रेशमी पदरासारखा तो लांबत जातो, वाढणारा हात डोक्याच्या वर नेतो तरी तुटत नाही, आणि ताटात पडल्यावर शेपूट सुरीने कापावे लागते. सतरा किलोमीटर चालून आलेल्याला हे अन्न फार वाटत नाही. न चालता खाणाऱ्याने बेताने घ्यावे.

ओब्राकनंतरची आठ किलोमीटर ही उताराची गोष्ट आहे. पाचशे मीटरांची उंची एका दुपारात सोडावयाची. आणि चढावर फक्त छाती बोलते, उतारावर मात्र गुडघे, नखे आणि मांड्या एकदम बोलू लागतात. गवत मागे पडते, बीचचे रान लागते, मग बेल्व्हेझे या वाडीजवळ काळ्या लाव्हाचा उभा सुळका आणि त्यावर जुन्या गढीचे अवशेष, मग खाली चेस्टनटची झाडे. ओब्राकवरून लॉट नदीकडे धावणाऱ्या ओढ्यांना सर्वांनाच ‘बोराल्ड’ म्हणतात, गावागावाच्या नावाने ओळखायचे. त्यांपैकी एकाचा आवाज बराच वेळ ऐकू येतो आणि शेवटी सँ-शेलीची छपरे दिसतात. हवा बदललेली असते. वर स्वेटर लागत होता, इथे अंगणात द्राक्षवेल असतो.

१९९८ साली युनेस्कोने फ्रान्समधील सांतियागोच्या वाटांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले तेव्हा एकाहत्तर वास्तूंबरोबर वाटेचे केवळ सात तुकडे निवडले. त्यांत हे सतरा किलोमीटर आहेत, आणि वास्तूंत सँ-शेलीच्या खालच्या अंगाचा, बोराल्डवरचा लहानसा दगडी पूल. पुलाच्या कठड्यावर एक दगडी क्रूस आहे. त्याच्या बुडाशी कोणा पाथरवटाने वीतभर यात्रेकरू कोरला: अंगात झगा, हाती काठी, जपमाळ. ऊनपावसाने त्याचे नाकडोळे झिजले आहेत. काठी मात्र स्पष्ट आहे. ज्या दिवशी पांथस्थ गावात पोहोचतो त्या दिवशी त्याला हा पूल सहसा दिसत नाही, कारण मुक्काम पुलाच्या अलीकडे असतो.

मुक्कामाच्या घराला ‘जीत देताप’ म्हणतात, म्हणजे शब्दशः मजलेचे बिऱ्हाड. दाराशीच बुटांची फळी: चिखलाने भरलेले, जिभा बाहेर काढलेले दहा-बारा जोड. बूट तिथे, काठ्या कोपऱ्यातल्या पिंपात, मग आत सपाता घालून यावे. यजमानीण यात्रेकरूच्या घडीच्या पुस्तिकेवर शिक्का मारते, कोणती खाट ते सांगते, न्हाणीघर दाखविते, जेवण सातला म्हणून बजावते. सातला लांब टेबलावर सूप, पाव, सामायिक भांड्यातून वाढलेला पदार्थ, वाइनची सुरई. कालपर्यंत परस्परांना न पाहिलेली माणसे एकमेकांच्या पायांविषयी इतक्या मोकळेपणाने बोलतात, जितक्या मोकळेपणाने घरी कोणी आपल्या पायांविषयी बोलत नाही. कोणी उद्या सोळा किलोमीटरांवरच्या सँ-कोम-दोल्त गावी थांबणार असतो, कोणाला त्याच्याही पुढे एस्पालियोंपर्यंत जायचे असते. जेवण आटोपले, ताटे उचलली गेली, की यजमानीण भिंतीशी जाऊन फोन हाती घेते आणि टेबलाकडे वळून एकेकाला विचारते: उद्या कुठे? मग पलीकडे घंटा वाजत असताना ती बोटांनी माणसे मोजते. एक, दोन, तीन. आणि खाटा शिल्लक आहेत असे उत्तर आले की मान हलविते, आणि तेवढ्या जणांची उद्याची मजल ठरते.